पिवळा दिवा आणि तीन रीडर: घरच्या गाडीसाठी स्वस्तातला कोड रीडर निवडताना काय काय झालं

बाबांची गाडी अकरा वर्षं जुनी, पेट्रोल, १.६ लिटरचं इंजिन, आत जाणारी हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर. हे शेवटचं आत्ता फालतू वाटेल पण पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते. तक्रार एवढीच की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी सिग्नलला थांबली की जरा थरथरायची, रस्त्यावर पळताना मात्र काही म्हणजे काही नाही, पिकअप पण ठीक.

दिवा सतत लागलेला होता, मिचमिचत नव्हता. हा फरक आधी बघायचा. मिचमिचणारा दिवा म्हणजे सिलिंडरमध्ये इतका मिसफायर होतोय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन त्याची वाट लावतंय, अशा वेळी रीडरबिडर (गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणारं यंत्र) सगळं नंतर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि गाडी कडेला घ्यायची. आमचा दिवा शांत होता, म्हणून विचार करायला वेळ होता.

बाबा गॅरेजला गेले. तिथे स्कॅनर लावला, दोन मिनिटांत निकाल दिला की ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणारा) गेलाय, पार्ट मागवावा लागेल, आणि तोवर म्हणून दिवा घालवून दिला. बाबा खुश होऊन घरी. पाचव्या दिवशी दिवा परत हजर.

"अगं तो म्हणालाच होता सेन्सर गेलाय म्हणून. टाकू बदलून."

"बाबा, पण कोड कुठला आला होता ते विचारलंत का?"

"कोड मी कशाला विचारू, त्याला कळतं ना."

झालं. म्हणजे कोड कोणालाच माहीत नाही, कागदावर काही नाही, आणि दिवा घालवताना कोडबरोबर फ्रीझ फ्रेमसुद्धा उडाली. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदवला त्या क्षणी इंजिन काय करत होतं त्याचा फोटोच समजा, आरपीएम किती, वेग किती, पाणी किती गरम, लोड किती, पेट्रोल किती जास्त-कमी चाललं होतं, सगळं. दिवा घालवणं हा गॅरेजवाल्यांना ग्राहकसेवेचा भाग वाटतो, खरं तर तो पुरावा पुसण्याचा प्रकार आहे. तो माणूस वाईट नाही हं, बाबांचं त्याच्याकडे वर्षानुवर्षं जाणं-येणं आहे, त्याने घाईत अंदाज सांगितला इतकंच. पण सेन्सर काही फुकट येत नाही, आणि चुकीचा पार्ट बदलला तर पैसे गेले ते गेले, दिवा तसाच. तेव्हा मी म्हटलं की आपणच एक रीडर घेऊ, स्वस्तातला, आणि आधी नीट बघू.

निळा डोंगल

पहिली चूक माझीच. सगळ्यात स्वस्त दिसला तो काडेपेटीएवढा निळा ब्लूटूथ डोंगल मागवला, वर लिहिलेलं ईएलएम३२७, व्हर्जन २.१. स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या तळाला जे सोळा पिनचं सॉकेट असतं त्यात तो घालायचा आणि बाकी काम मोबाइलवरच्या ॲपने करायचं. ते सॉकेट सगळ्या गाड्यांत सारखं असण्याचं कारण कायदा. अमेरिकेत १९९६ मॉडेलपासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून सांगायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ आणि डिझेलला २००४ पासून तसाच नियम आला, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच रीडर चालतो, नाहीतर प्रत्येकाचं टोपण वेगळं असतं.

माझा फोन आयफोन. डोंगल दिसेचना. अर्धा तास मी पेअरिंग पेअरिंग खेळत बसले आणि मग लक्षात आलं की जुन्या साध्या ब्लूटूथवाले हे डोंगल आयफोनवरच्या ॲपला दिसतच नाहीत, आयफोनला वायफायवाला नाहीतर ब्लूटूथ लो एनर्जीवाला लागतो. हे बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं पण होतं, मी वाचलं नव्हतं. बाबांच्या अँड्रॉइडवर लगेच जोडला गेला.

कोड आला: पी०१७१. म्हणजे निदान आता नाव तरी कळलं.

हा कोड फोडून बघितला तर त्यात पाच अक्षरांत बरंच काही असतं. पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन-गिअरबॉक्सचं कुटुंब. (बी असता तर बॉडी, सी असता तर चॅसी म्हणजे ब्रेकबिक, यू असता तर कंप्युटर एकमेकांशी बोलत नाहीयेत.) पुढचं शून्य म्हणजे हा सगळ्या कंपन्यांना सारखा ठरवून दिलेला कोड, तिथे १ असता तर तो कंपनीचा खासगी कोड आणि मग साध्या रीडरला त्याचा अर्थ माहीत असेलच असं नाही. त्यापुढचा १ म्हणजे इंधन आणि हवेच्या मोजमापाची भानगड. आणि पूर्ण वाचलं तर, बँक १ (सिलिंडरची पहिली रांग), मिश्रण पातळ. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

आता यात ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं कुठे लिहिलंय? नाहीये. ऑक्सिजन सेन्सर इथे चोर आला म्हणून ओरडणारा शेजारी आहे, आणि गॅरेजने त्यालाच धरलं. तो खोटं बोलत असू शकतो, ते बघायलाच हवं, पण पातळ मिश्रणाला दुसरी ढीगभर कारणं असतात. कुठूनतरी चोरून आत येणारी हवा, घाण झालेला एअर फ्लो सेन्सर, पेट्रोल पंपाचं कमी प्रेशर, चोंदलेला फिल्टर किंवा इंजेक्टर, सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला पडलेली भेग, आणि मग शेवटी सेन्सर स्वतः. यातलं कुठलं हे ठरवायला कोड पुरत नाही, आकडे लागतात, आणि निळ्या डोंगलने नेमकं तिथेच हात टेकले.

फ्रीझ फ्रेम मागितली तर रिकामं पान. गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन (ओळख क्रमांक) मागितला तर अर्धाच आला, कारण तो एका संदेशात मावत नाही, तुकड्या-तुकड्यात येतो आणि ते तुकडे जोडणं याला जमत नव्हतं. एका वेळी चार आकडे लाइव्ह बघायला घेतले की दर दोन-तीन सेकंदांनी एकदा हलायचे, मध्येच कनेक्शन तुटायचं. मग जरा वाचलं तेव्हा कळलं. ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, तिच्या पहिल्या व्हर्जनला कॉपी होऊ नये म्हणून कुलूपच नव्हतं, त्यामुळे तिच्या नकला जगभर झाल्या, आणि वर छापलेल्या व्हर्जनच्या आकड्याला काडीचा अर्थ उरला नाही. गंमत म्हणजे बाजारात ज्यावर १.५ लिहिलेलं असतं ते व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं! आणि २.१ छापलेल्या कित्येक नकलांना १.५ वाल्या नकलांपेक्षाही कमी कमांड कळतात. मूळ कंपनी तर २०२२ मध्ये बंदच झाली. म्हणजे स्टिकर बघून डोंगल घेणं हे निव्वळ नशीब, एखादा छान निघतो, एखादा आमच्यासारखा.

आणखी एक. बाबांनी तो डोंगल सॉकेटमध्ये तसाच ठेवून दिला, "परत परत कोण वाकणार." त्या सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी बंद केली तरी चालू. असा डोंगल झोपत नसेल आणि समजा ५० मिलीअँपिअर पीत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले, दहा दिवस गाडी उभी राहिली तर १२, म्हणजे ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा पाव हिस्सा. शिवाय वायफायवाल्या कित्येक डोंगलना पासवर्डच नसतो, ते लावून ठेवणं तर अजूनच वाईट. काम झालं की काढायचा.

उसना आणलेला

तोवर ऑफिसमधल्या एकाने त्याचा वायरवाला छोटा रीडर दिला, दोन ओळींची स्क्रीन, दोन बटणं. हा निळ्यापेक्षा शंभर पटींनी भरवशाचा, सॉकेटला लावला की वीज गाडीकडूनच घेतो, फोन नको ॲप नको, दहा सेकंदांत कोड. पी०१७१, एक कोड. संपलं. त्याला दोनच कामं येत होती, कोड वाचणं आणि कोड उडवणं.

मला खरं तर याच्याबद्दल जास्त राग आला, निळ्याबद्दल नाही. निळा निदान स्वस्तातली नक्कल होता, हा चांगल्या बनावटीचा होता आणि तरी हातात काय देतो तर तक्रार आणि खोडरबर. अशा रीडरने माणूस काय करेल? कोडचा अर्थ शोधेल, पहिल्या उत्तरात जो पार्ट लिहिलाय तो मागवेल, कोड उडवेल, आणि आठवड्याने परत पहिल्यापासून. मी स्वतः पण त्या रात्री सेन्सर मागवायच्या बेतात होते, कारण बाबांच्या फोनमधलं ॲपसुद्धा कोडखाली 'संभाव्य कारणं' म्हणून सेन्सरच वर दाखवत होतं.

याची जागा एकच, ज्याला फक्त एवढंच हवंय की दिवा लागला तर कोडचं नाव टिपून ते गॅरेजला सांगावं. त्याला हा पुरेसा आहे, उगाच जास्त घेऊ नये.

मग काय बघून निवडलं

आता मी आणि बाबा जेवणानंतर बसलो आणि वहीत लिहिलं की आपल्याला नक्की काय दिसायला हवंय. (बाबांची गाडीची वही आहे, अकरा वर्षांची, प्रत्येक टाकीला किती लिटर आणि किती किलोमीटर, सगळं.) बॉक्सवर काय लिहितात ते बाजूला ठेवलं, कारण बॉक्सवर ठळक लिहिलेलं असतं की हजारो कोडचा डेटाबेस, आणि त्याचा उपयोग शून्य. कोडचा अर्थ कुठेही मिळतो, आकडे फक्त गाडीकडून मिळतात.

पहिली आणि खरं तर एकमेव अट म्हणजे लाइव्ह डेटा, आणि त्यातही फ्युएल ट्रिम दिसायला हवी, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म दोन्ही, आरपीएमच्या शेजारी एकाच स्क्रीनवर. ट्रिम म्हणजे काय तर गाडीचा कंप्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे बघून पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला नाचते, लाँग टर्म म्हणजे त्यातून शिकून मुरलेली सवय. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, प्लस-मायनस दहा टक्क्यांच्या आत असली तर चिंता नाही, पंचविसाच्या आसपास गेली की बऱ्याच गाड्या हाच पी०१७१ टाकतात.

दुसरं, फ्रीझ फ्रेम. तिसरं, पेंडिंग कोड, म्हणजे एकदा दिसलेला पण अजून दिवा लावण्याइतका पक्का न झालेला दोष, कारण बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. चौथं, मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःवर करते त्या चाचण्या, रेडी म्हणजे पूर्ण झालेल्या आहेत की नाहीत ते. हे चौथं सेकंडहँड गाडी बघायला गेलं की फार कामाचं, दिवा बंद आहे पण मॉनिटर जवळजवळ सगळे 'नॉट रेडी' आहेत तर समजायचं की तुम्ही येण्याआधी कोणीतरी कोड उडवलेत किंवा बॅटरी काढली होती, गाडी गोड बोलून विकतायत.

मोड सहा असला तर उत्तम, त्यात गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्यांचे आकडे आणि मर्यादा दिसतात, कॅनवाल्या गाड्यांत (कॅन म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांची बोलण्याची नवी पद्धत) प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर वेगळे मोजलेले मिळतात. आम्हाला तो लागला नाही पण थरथर होती म्हणून यादीत ठेवला.

प्रोटोकॉलबद्दल, म्हणजे गाडी रीडरशी कुठल्या भाषेत बोलते त्याबद्दल, फार डोकं लावू नका जर गाडी नवी असेल तर. अमेरिकेत २००८ मॉडेलपासून सगळ्यांना कॅनच आहे. पण जुनी गाडी असेल तर जे१८५० चे दोन प्रकार, आयएसओ ९१४१-२, केडब्ल्यूपी२००० आणि कॅन, हे पाचही चालतात ना ते बघून घ्या. सॉकेटमध्ये वाकून बघितलं तरी थोडा अंदाज येतो, ६ आणि १४ नंबरच्या जागी धातूची पट्टी असेल तर बहुतेक कॅन, फक्त ७ नंबरला असेल तर के-लाइन, म्हणजे आयएसओ ९१४१-२ किंवा केडब्ल्यूपी२००० वाली.

मग दोन पर्याय उरले. एक म्हणजे चांगल्या बनावटीचा ब्लूटूथ लो एनर्जी डोंगल आणि त्याबरोबर पैसे देऊन घेतलेलं ॲप. यात आलेख सुंदर दिसतात, नोंद फाइलमध्ये ठेवता येते, माझ्यासारखीला हेच आवडलं असतं. दुसरा म्हणजे वायरवाला रंगीत स्क्रीनचा हँडहेल्ड, ज्यात लाइव्ह डेटा, आलेख, फ्रीझ फ्रेम सगळं आहे. किंमत साधारण एकाच पट्ट्यात. मी डोंगलकडे झुकले होते, बाबा म्हणाले, "ॲप उद्या बंद पडलं तर? फोन बदलला तर? आणि मला चष्मा लावून फोनमध्ये बोटं नाही घालायची." वापरणार तेच होते, मुद्दा संपला. दहा वर्षांनी तो हँडहेल्ड चालेल आणि ॲप नसेल हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा हट्ट वाटलं, आता बरोबर वाटतं.

मोठे टॅब्लेटवाले स्कॅनर, जे गाडीला उलट हुकूम देतात, पंखा चालू कर, इंजेक्टर बंद कर, ते बघितले आणि सोडले. त्यांना वर्षाला अपडेटचे पैसे वेगळे, आणि घरात एक गाडी असताना ते म्हणजे एका खिळ्यासाठी सुतारकामाचं दुकान.

तिसरा रीडर आणि त्या दिवशी काय दिसलं

हँडहेल्ड आला त्या दिवशी सकाळी उत्साहात चावी फिरवली, ट्रिमचं पान उघडलं. दोन्ही शून्य. म्हटलं वा, गाडी बरी झाली की काय! नाही. इंजिन गार असताना कंप्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल देतो, त्याला ओपन लूप म्हणतात, त्यामुळे त्या वेळचे ट्रिमचे आकडे बघून काही उपयोग नाही. फ्युएल सिस्टीमच्या ओळीत 'क्लोज्ड लूप' येईपर्यंत थांबायचं. आम्ही गाडी एक चक्कर मारून आणली, पाणी ९० अंशांच्या वर गेलं, मग मोकळ्या जागेत उभी केली (बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे उद्योग करू नका, धुराने माणूस जातो).

आधी फ्रीझ फ्रेम वाचली, यावेळी कोणी पुसली नव्हती. आरपीएम ७२०, वेग शून्य, पाणी ९१ अंश, लोड २४.७ टक्के, लाँग टर्म प्लस २१.९, शॉर्ट टर्म प्लस ७. म्हणजे कोड पडला तेव्हा गाडी उभी होती, गरम होती आणि आयडलला होती, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता नुसती चालू. बाबांची थरथरीची तक्रार आणि हा फोटो तंतोतंत जुळला.

मग लाइव्ह. आयडलला लाँग टर्म प्लस १८.८, शॉर्ट टर्म प्लस ६ ते ८. बाबांना म्हटलं हळूच रेस द्या, अडीच हजारावर धरून ठेवा. अर्ध्या मिनिटात लाँग टर्म ४.७, शॉर्ट टर्म २.३. सोडलं, परत वर. परत दिली, परत खाली. तीनदा केलं, तीनदा तेच.

इथेच प्रकरण जवळपास सुटलं होतं. विचार करा, मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) कुठेतरी छोटं भोक आहे आणि त्यातून एअर फ्लो सेन्सरला चुकवून हवा आत येतेय. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, आत ओढ जोरात असते आणि मोजून येणारी हवा अगदी थोडी, त्यामुळे त्या चोरट्या हवेचा हिस्सा मोठा. रेस दिली की मोजलेली हवा कितीतरी पट वाढते, ओढ कमी होते, चोरटी हवा त्यात हरवून जाते, ट्रिम सुधारते. उलट पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा फिल्टर चोंदलेला असता तर आयडलला भागलं असतं आणि जोर मागितल्यावर ट्रिम वर गेली असती. आणि घाण एअर फ्लो सेन्सर बहुतेक करून वरच्या आरपीएमला, लोडवर जास्त चुकतो. आमचा आकडा एकाच दिशेला बोट दाखवत होता. (ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो, मॅनिफोल्डच्या प्रेशरवर हिशोब असतो, तिथे हे गणित असं चालत नाही, तिथे लीक असला तर आयडल चढलेलं दिसतं. म्हणून सुरुवातीला ते सांगितलं होतं.)

आणि बिचारा ऑक्सिजन सेन्सर? त्याचं व्होल्टेज आलेखावर लावलं. अडीच हजारावर ०.१ ते ०.८ व्होल्ट भराभर वर-खाली. एकदम ॲक्सिलरेटर मारला तर ०.९ ला चिकटला, सोडला तर शून्याजवळ पडला. ठणठणीत. ज्याला बदलायचं ठरलं होतं तोच सगळ्यात खरं बोलत होता.

भोक शोधायला बॉनेट उघडलं. बाबांनी बागेच्या पाइपचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनवर इकडे-तिकडे फिरवत राहिले, पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब ठेवून. मला हसू येत होतं पण पाचेक मिनिटांत ते थांबले. "इथं सूं होतंय." मॅनिफोल्डच्या मागे खाली, पीसीव्हीचा रबरी पाइप (इंजिनच्या पोटातले वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा), जिथे तो वळतो तिथे. वरून बघितलं तर काही नाही, आरसा खाली धरला तर वळणावर बोटाच्या पेराएवढी चीर, तेलाने काळी झालेली.

तरी खात्री करायची होती, आणि या सगळ्या उद्योगातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. पकडीला फडकं गुंडाळलं, तो पाइप चिरेच्या पलीकडे मॅनिफोल्डच्या बाजूने दाबून धरला आणि रीडरकडे बघत राहिलो. थरथर थांबली. शॉर्ट टर्म प्लस ७ वरून खाली, शून्य, मग मायनस ५, मायनस ११, मायनस १५.६ वर जाऊन बसली. मायनस का, तर लाँग टर्मला अजून वाटतंय की हवा चोरीला लागलीय, ती १८.८ टक्के जास्त पेट्रोल ओततेच आहे, म्हणून शॉर्ट टर्म ते परत काढून घेतेय. बेरीज तीनच्या आसपास. पकड सोडली, सगळं परत जिथल्या तिथे. हे त्या दोन ओळींच्या स्क्रीनवर कधीच दिसलं नसतं, आणि निळ्यावर आकडा हलेपर्यंत आमचे हात दुखले असते.

पाइप नवा घातला, सेन्सरच्या तुलनेत किरकोळ खर्चात. बाबांनीच घातला, क्लिप काढताना बोट कापून घेतलं ते वेगळं.

नंतर

मी लगेच कोड उडवायला निघाले होते, बाबांनी अडवलं, म्हणाले बघू तरी गाडी स्वतः कधी मान्य करते. चौथ्या दिवशी दिवा आपणहून गेला. साधारण नियम असा की दोष न दिसता लागोपाठ तीन फेऱ्या झाल्या की दिवा जातो, कोड मात्र आत राहतो आणि गाडी चाळीसेक वेळा थंड ते गरम झाल्यावर पुसला जातो. यातला फायदा म्हणजे मॉनिटर रीसेट झाले नाहीत आणि दुरुस्ती खरी की नुसती पुसापुशी ते कळलं. लाँग टर्म रोज थोडी थोडी उतरत गेली, वहीत आहे सगळं, पहिल्या दिवशी १२.५, मग ७.८, आठवड्याने ३.१ आणि तिथेच थांबली. आता बाबा दर महिन्याला ट्रिम आणि बॅटरीचं व्होल्टेज लिहितात, इंजिन चालू असताना १४.१ वगैरे. पेट्रोलच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखलाय. गॅरेजवाल्यालाही त्यांनी ते पान दाखवलं, त्याने नीट बघितलं, आणि आता तो दिवा घालवायच्या आधी कोड चिठ्ठीवर लिहून देतो.

निळा डोंगल ड्रॉवरमध्ये आहे.

एक गोष्ट राहिली. गेल्या रविवारी शेजारचे काका आले, त्यांच्या गाडीत पिवळा दिवा. बाबा एव्हाना कॉलनीचे तज्ज्ञ झालेत, ऐटीत रीडर घेऊन खाली गेले, लावला, 'कोड नाहीत'. "काही नाही हो, सेन्सर हुकला असेल, बिनधास्त चालवा." मी गॅलरीतून ऐकलं आणि चप्पल न घालता धावत खाली गेले, कारण तो दिवा एबीएसचा होता. आमचा रीडर फक्त इंजिनशी बोलतो, एबीएस आणि एअरबॅगचे कंप्युटर त्याला दिसतच नाहीत, त्यामुळे त्याचं 'कोड नाहीत' हे तिथे काहीच सांगत नव्हतं. काकांना सांगितलं की साधा ब्रेक लागेल पण जोरात दाबला तर चाकं लॉक होऊ शकतात, हळू चालवा आणि एबीएस वाचणारा स्कॅनर जिथे आहे तिथेच दाखवा. बाबा दोन तास माझ्याशी बोलले नाहीत, मग संध्याकाळी रीडरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने लिहिलं, 'फक्त इंजिन'.